गॅरेज म्हणजे अडगळीची खोली नव्हे!

"गाडी गॅरेजला टाकलीय" असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणारा काय समजतो? गाडी दुरुस्तीला दिलीय. मराठी माणसाने हा शब्द उचलला आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला: गॅरेज म्हणजे जिथे काम चालतं ती जागा. काळे हात, जमिनीवर ऑइलचे डाग, भिंतीवर ओळीने लावलेले पाने, कोपऱ्यात कुरकुरणारा रेडिओ.

आणि मग हाच मराठी माणूस बंगला बांधतो, त्यात हौसेने दहा बाय अठराचं गॅरेज काढतो आणि त्यात काय करतो? जुना कूलर ठेवतो.

बरेच दिवस डोक्यात बसलेला विषय आहे, आज भांडून घेतो.

नगरला या कधीतरी रविवारी सकाळी. (२०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण घरी सगळे अजून नगरच म्हणतात, आणि नव्या नावातही नगर आहेच, म्हणून मीही तेच म्हणणार.) सावेडीत या, केडगावला जा, बोल्हेगावला जा, कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारा. आठ-दहा लाखांची गाडी रस्त्यावर धूळ खात उभी, फार तर अंगावर कव्हर. आणि गेटच्या आत, शटरमागे, पक्क्या छपराखाली सुरक्षित काय आहे? कूलर. बांधकामातून उरलेल्या टाइल्सची खोकी. टीव्हीचं थर्माकोलसकट जपलेलं खोकं (टीव्ही केव्हाच मेला, खोकं चिरंजीव). लग्नात आलेले तीन डिनर सेट. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. मळ्यातून आलेल्या ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, फवारणीचा पंप, गव्हाची चार पोती. आणि सगळ्यात मागे ताडपत्रीखाली एक लूना.

लूना बघितली की मला जरा जास्तच लागतं. ही गाडी आपल्या नगरात बनायची हो! १९७२ साली ती बाजारात आली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मास्तर, पोस्टमन, दूधवाले सगळे तिच्यावर फिरले. तिचा प्लग काढून साफ करणं, चेन ताणणं, कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारणं ही कामं लोक अंगणात बसून करायचे. चार पाने आणि एक पक्कड एवढ्यात भागायचं. ती लूना आता त्याच घरात सुतळीने बांधून ठेवलीय आणि तिचे पाने कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही.

ह्या प्रकरणात दोन पार्ट्या आहेत.

पहिली पार्टी "लागेल कधीतरी"वाल्यांची. आपले आईवडील, काका, मामा. तुटवड्यात वाढलेली पिढी. सिमेंटला परमिट, स्कूटरला नंबर, फोनला आठ-आठ वर्षं वाट. त्यांनी खिळा सरळ करून परत वापरलाय, त्यामुळे त्यांच्या हातून काही सुटत नाही. दुसरी पार्टी "टाकून द्या"वाल्यांची. म्हणजे आम्ही, पुण्या-बंगळुरात नोकरी करणारी मुलं. दिवाळीत चार दिवस घरी यायचं, गॅरेजचं शटर वर करायचं, "बाबा, हे काय जमवून ठेवलंय!" असं ओरडायचं आणि भंगारवाल्याला फोन लावायचा. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्या मारी कोंडोबाई आल्यापासून तर आमच्या हातात शास्त्रच आलंय. वस्तू हातात घ्या, आनंद होतो का बघा, होत नसेल तर निरोप द्या. अहो, १२-१३चा रिंग पाना हातात घेऊन कुणाला आनंद होतो? त्याने गंजलेला नट सुटतो तेव्हा होतो!

मी दोन्ही पार्ट्यांच्या विरोधात आहे. पण निवडच करायची झाली तर दुसरी पार्टी जास्त घातक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली पार्टी जागा अडवते. दुसरी पार्टी हात कापते.

अतिशयोक्ती वाटते? आमच्या गल्लीत एक काका आहेत, कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेले. मागच्या दिवाळीत दोन्ही मुलं आली आणि त्यांनी एका सकाळीत गॅरेज "क्लीन" केलं. कानशी, टॅप, डाय, ड्रिलची पाती, दोन व्हाइस, सगळं लोखंडाच्या भावात, किलोवर. त्यात एक मायक्रोमीटर होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी वस्तू तराजूच्या पारड्यात पडली आणि फरशी तोडायच्या छिन्नीबरोबर तिचं वजन झालं. काका ओट्यावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. पोरांनी नंतर गॅरेजला पांढरा रंग दिला, फोटो काढले. आज त्या पांढऱ्या गॅरेजमध्ये काय आहे? रिकामी खोकी साठायला लागलीयेत. आणि काका दिवसभर टीव्हीसमोर.

ह्या गोष्टीत मुलं दुष्ट नाहीत, हेच तर दुखणं आहे. पसारा आणि हत्यार ह्यातला फरक त्यांना दिसला नाही. तो दिसणार कसा? काकांनीही गेली दहा वर्षं ती हत्यारं पोत्यात भरून कूलरच्या मागे ठेवली होती. वस्तू कामात असली तरच ती काय आहे ते कळतं. पोत्यात गेली की मायक्रोमीटर आणि मोडका अडणा, दोन्ही लोखंडच.

तर माझा मुद्दा एकच आहे: गॅरेज साठवणीच्या बाजूने लावायला घेतलं की ते कधीच लागत नाही. ते कामाच्या बाजूने लावायला घ्यावं. आधी काम करायचं टेबल, मग त्या कामाला काय काय लागतं ते, आणि मग उरल्या जागेत बाकीचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी सामान, मग रॅक, मग आणखी सामान, मग गाडी रस्त्यावर.

गंमत म्हणजे साठवायचं कसं हे आपल्याला शिकवायला कुणा परदेशी बाईंची गरज नव्हती. जुन्या घरातले शब्द आठवा. खुंटी, कोनाडा, फडताळ, शिंकं, उतरंड, माळा, कणगी, बळद, पेव. प्रत्येक शब्दाचं काम वेगळं. रोज लागणारं खुंटीवर, दिवा कोनाड्यात, मांजरापासून वाचवायचं ते शिंक्यावर, वर्षाचं धान्य बळदात. किती वेळा लागतं आणि कशापासून जपायचंय, ह्या दोन प्रश्नांवर आख्खं घर लावलेलं असायचं. आम्ही कॉम्प्युटरवाले ह्यालाच कॅशे, मेमरी आणि डिस्क म्हणतो आणि त्याचे पगार घेतो :) आता ह्या नऊ शब्दांच्या जागी एकच शब्द उरलाय, अडगळ. २०१० साली नेमाड्यांनी आपल्या कादंबरीच्या नावात अडगळीला 'समृद्ध' म्हटलं तेव्हापासून तर आमच्या वाचक मंडळींना पसाऱ्याचा अभिमानच वाटायला लागलाय. असो.

आणि फक्त जुन्या घरांचंच कशाला? आपल्या जिल्ह्यातला शेतकरी कांदा चाळ बांधतो ती बघा. तळ जमिनीपासून उचललेला, खालून वारा, बाजूंना फटी, चाळीची रुंदी मोजकी, कारण ढीग रुंद झाला की मधला कांदा घुसमटतो आणि सडतो. इतका विचार! आणि तोच शेतकरी शहरात बंगला बांधतो तेव्हा गॅरेजमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत छताला टेकेल असा ढीग लावतो. मधलं काय सडतंय, कोण बघतंय?

अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांनी नेमकं काय केलं ते जरा ह्या बाजूने बघा. बाईंनी घरात बियाणं साठवलं. देशी वाल, घेवडे, भात, भाज्या, वाण वेगवेगळे ठेवून. पण बी साठवायचं म्हणजे दर हंगामाला पेरायचं, दुसऱ्याला द्यायचं, नवं घ्यायचं. नुसतं ठेवलेलं बी काही वर्षांत मरतं. "लागेल कधीतरी" म्हणत डब्यात कोंडलं असतं तर आज त्या घरात मेलेल्या बियांचे डबे असते. साठवण वापरात राहिली म्हणून तिला बँक म्हणतात.

आता आपल्या एमआयडीसीकडे वळू. नगरच्या किंवा सुप्याच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात गेलात तर भिंतीवर फाइव्ह एसचा बोर्ड दिसेल. सेइरी, सेइटोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसा, हे सगळं ठरावीक पद्धतीने करा, आणि पद्धत मोडू नका. पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली असते, पाना जागेवर नसला की लांबून दिसतं. नको वाटणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी लागते, ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही की ती बाहेर. आपल्याकडची शेकडो माणसं दिवसाचे आठ तास हे पाळतात. ऑडिट असलं की रात्री थांबून पाळतात. आणि घरी येऊन स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही म्हणून सुरीने स्क्रू पिळतात! साहेबासाठी शिस्त आणि स्वतःसाठी सुरी. ह्याचा मला खरंच राग येतो. जे कौशल्य कंपनीला विकता येतं ते आपल्या घराच्या लायकीचं नाही, असं कुणी ठरवलं?

बरं, नुसतं ओरडून काय होणार. मोजमाप घेऊ.

२०१६च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. म्हणजे आपल्या हातात तीन भिंती आल्या. गॅरेज दहा बाय अठरा फूट धरा, म्हणजे साधारण तीन बाय साडेपाच मीटर. २००६च्या बजेटने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा कर कमी केला, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चार मीटरला जेमतेम कमी लांबीच्या निघतात. साडेपाचातून चार गेले, उरले दीड मीटर. पाच फूट! म्हणजे गाडी आत असतानाही समोरच्या भिंतीला दोन फूट रुंदीचं टेबल बसतं आणि पुढे उभं राहायला तीन फूट राहतात. जागा नाही म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन या.

समोरची भिंत कामाची. टेबलाला महागडं काही लागत नाही. जुन्या वाड्याचं सागवानी दार पडलेलं असतं कुठेतरी, ते दोन लोखंडी घोड्यांवर पक्कं करा. उंची किती? सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगट जिथे दुमडतं तिथे. बहुतेकांचं ३३ ते ३५ इंचांवर येतं. एका कोपऱ्यात, बरोबर पायावर, व्हाइस बसवा, त्याचे जबडे कोपराच्या उंचीला आले पाहिजेत. ट्यूब आपल्या डोक्यामागे नको, नाहीतर कामावर आपलीच सावली पडते. दोन प्लग, अर्थिंग तपासून. वर फळी, फळीवर पक्कड, हातोडी, पाने, कानस, करवत, आणि मागे त्यांच्या सावल्या रंगवून टाका. ड्रॉवर आणि पेट्या टाळा. दिसतं ते वापरलं जातं.

डावी भिंत साठवणीची. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडी डावीकडे सरकवायची. तिथे फूटभर खोलीचं स्लॉटेड अँगलचं रॅक मावतं, आरसा दुमडला की झालं. गाडी आत असताना ह्या रॅकवर हात पोचणार नाही, म्हणून इथे क्वचित लागणारंच ठेवा: दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीची मखर, उरलेल्या टाइल्सपैकी दहा-बारा (चाळीस नव्हे!). जड खाली, हलकं वर. रॅक भिंतीला ठोकून पक्कं करा, पोरं चढतात. डब्यांवर नावं लिहा आणि "इतर" नावाचा डबा ठेवू नका. ज्याच्या कॉम्प्युटरवर "न्यू फोल्डर २" आहे त्याला कळेल मी काय म्हणतोय.

उजवी भिंत दार उघडायची. तिथे फक्त चपट्या वस्तू, टांगलेल्या: शिडी, फावडं, टिकाव, पाण्याचा पाइप. बस.

ह्यात एक गोष्ट आपण पुरुष मंडळी सोयीस्करपणे विसरतो. घरात काम करणारं माणूस एकच नसतं. आईचं शिलाई मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात चादरीखाली असतं, कारण त्याला "जागा नाही". कूलरला जागा आहे, मशीनला नाही. टेबल लावताना त्याची एक बाजू तिची, हे आधीच ठरवून टाका.

आता जरा गंभीर. पसाऱ्याने माणूस मरू शकतो, आणि हे मी भांडणाच्या भरात म्हणत नाही. गव्हाच्या पोत्यांमध्ये किडीसाठी ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून ओल लागली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. गॅरेजला लागून झोपायची खोली असेल, मधल्या दाराला फट असेल, तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. अशा गोळ्या राहत्या घरात नकोतच. कीटकनाशकाच्या बाटल्या धान्याशेजारी तर अजिबात नकोत, त्या कुलपात, आणि कधीही शीतपेयाच्या बाटलीत ओतून नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. वर ग्राइंडरची ठिणगी आणि खाली उघडा कॅन, हे जमायला एक सेकंद पुरतो. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बंद कपाटात कोंडू नका, वर झरोका ठेवा. आणि इलेक्ट्रिक स्कूटर खोक्यांच्या ढिगाला खेटून चार्जिंगला लावणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ढिगात हे सगळं एकमेकांना चिकटून असतं आणि कुठे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. जागेवर लावलेल्या गॅरेजमध्ये निदान दिसतं तरी.

नेहमीचे आक्षेप आता एकेक करून घेऊ.

"मिस्त्री मिळतो की." मिळतो ना. नळाचा वायसर बदलायला बोलावून बघा. दोन दिवस "आलोच साहेब", तिसऱ्या दिवशी फोन बंद. त्याचं चूक नाही, तेवढ्या कामाला त्याचा फेराही परवडत नाही. त्याला मोठ्या कामाला बोलवा आणि वायसर तुम्ही बदला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण मिक्सर उघडून ठेवायला टेबल नसेल तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

"वेळ कुठे आहे?" हे मला माझ्याच क्षेत्रातल्या मित्रांकडून ऐकावं लागतं, जे शनिवारी चार तास मॉलमध्ये घालवतात.

"आम्ही फ्लॅटमध्ये राहतो." मान्य. स्टिल्ट पार्किंगला पत्रे ठोकून बंद करू नका, ती जागा तुमची खाजगी नाही. पण बाल्कनीत घडीचं टेबल आणि भिंतीवर दोन फुटांची फळी बसते. तिथली गंजलेली सायकल काढा आधी.

"हे सगळं अमेरिकन खूळ आहे." हा आक्षेप मजेदार आहे, कारण खूळ आम्हीच आणलंय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना गॅरेज म्हटलं की स्टार्टअप आठवतं. ॲपलच्या गॅरेजची कहाणी सांगताना आमचे डोळे पाणावतात, आणि खुद्द वॉझनियाकने २०१४ मध्ये सांगून टाकलं की त्या गॅरेजात फारसं काही घडलंच नव्हतं. ह्युलेट आणि पॅकार्डचं मात्र खरं. पालो आल्टोमध्ये १९३९ साली त्यांनी गॅरेजात बसून ऑसिलेटर बनवले. ते गॅरेज होतं बारा बाय अठरा फुटांचं. तुमच्यापेक्षा दोन फूट रुंद! फरक त्या दोन फुटांचा आहे असं ज्याला वाटतं त्याच्यापुढे मी हात टेकले.

आणि मला गॅरेजमधून कंपनी निघायला नकोच आहे. मला एवढंच हवंय की चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर उभं राहायला एक टेबल मिळावं, आणि त्याच्या नातवाला प्लग, पॉइंट, थ्रेड हे शब्द यूट्यूबच्या आधी आजोबांकडून कळावेत. हात शिकवल्याशिवाय शिकत नाहीत, आणि शिकवायला हत्यार जागेवर लागतं.

म्हणून एक सूचना. साफसफाई दिवाळीत करूच नका. दिवाळीत आपण पाहुण्यांसाठी आवरतो, आणि पाहुण्यांसाठी आवरलं की हत्यारं आधी जातात. त्याऐवजी खंडेनवमी धरा. त्या दिवशी आपण हत्यारं पुजतो, कारखान्यात मशीनला हार घालतो. त्याच्या आदल्या रविवारी वडिलांबरोबर गॅरेज उघडा. एकटे नाही, वडिलांबरोबर! प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: ही कुठल्या कामाची? काम सांगता आलं तर जागा द्या. नाही आलं तर तारीख घालून लाल चिठ्ठी, पुढच्या खंडेनवमीपर्यंत मुदत. तोवर ती वस्तू कुणीच मागितली नाही, तर खुशाल भंगारवाल्याला बोलवा.

आणि हत्यार वजनकाट्यावर ठेवण्याआधी ते काय आहे ते वडिलांना विचारा. दहा मिनिटं लागतील. कदाचित तासही लागेल, कारण एकदा बोलायला लागले की ते थांबणार नाहीत.